हजार टाक्यांचा भाव

इतवारीत, तीननल चौकाच्या आतल्या गल्लीत
मुर्तझाभाईंच्या दुकानात बारा सुयांची मशीन आहे
आणि मशीनसमोर मी.
जूनमध्ये शाळांचे बिल्ले, डिसेंबरात लग्नांचे ब्लाऊज,
मधल्या दिवसांत सत्काराचे टॉवेल.
सगळं भरीव. इतकं भरीव
की कापड पापडासारखं ताठ होतं
आणि पहिल्या धुण्यात आक्रसतं.
भाव ठरतो हजार टाक्यांवर,
म्हणून डिझाइनमध्ये रिकामी जागा दिसली
की मुर्तझाभाईंना तिथून पैसे गळताना दिसतात.

मेच्या दुपारी गोमासे आले.
पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं नकाशे काढलेले,
आता कप खाली ठेवताना बशी वाजते.
पिशवीतून कागद काढला.
लुना.
स्टँडवर उभी, हँडलला थैली,
थैलीतून डोकावणारी सांबाराची जुडी.
पेन्सिलीची प्रत्येक रेघ दोनदा, तिनदा,
एकीनं दुसरीला शोधत जावं तशी.
"उशीच्या खोळीवर पाहिजे," म्हणाले.
"अशीच."

अशीच म्हणजे कशी, हे मशीनला सांगणं कठीण.
कागद स्क्रीनवर घेतला,
रेघेवर एकेक बिंदू ठेवत गेले,
आणि प्रोग्रॅमनं विचारलं:
गुळगुळीत करू?
तो नेहमीच विचारतो. मी नेहमीच हो म्हणते.
मोराची मान, कलशाचं पोट,
कुठल्याशा विद्यालयाची मशाल,
सगळ्यांना मी आजवर गुळगुळीत करून दिलं.
या वेळी नाही म्हटलं
आणि दोन दिवस नाहीच म्हणत राहिले,
चाकाच्या एकेका आऱ्याला.

पेन्सिल उचलून दुसरीकडे टेकवता येते.
सुईही उचलते, पण मागे दोरा लोंबतो.
म्हणून अशी वाट शोधायची
की जिथून आत शिरलो तिथूनच बाहेर पडू:
सीटवरून मडगार्ड, मडगार्डवरून स्टँड,
स्टँडपाशी रस्ता संपला की मागे फिरून
त्याच रेघेच्या शेजारून, जरासं सरकून, परत.
रेघ दुहेरी दिसते ती त्यामुळे.
पाहणाऱ्याला वाटतं, काढणारा इथे घुटमळला.
मी फक्त परतीची सोय बघत होते.

नंबरप्लेटवर अडलं.
पाच मिलिमीटरखालची अक्षरं
दोऱ्याच्या गाठी होऊन बसतात.
फोन लावला.
"नंबर राहू दे," म्हणाले, "तिला तो कधी पाठच नव्हता.
बाजारातून दुसऱ्याचीच लुना ओढत..."
आणते म्हणाले की आणायची,
कूलरच्या घरघरीत नीट ऐकू आलं नाही.
मी पुन्हा विचारलं नाही.

दोरा राखाडी लावला, काळा जरा जास्तच ठाम वाटला.
शिंतोडे उडू नयेत म्हणून कूलरसमोर पुठ्ठा धरून
अर्धा तास उभी राहिले.
चार हजार दोनशे टाके.
शाळेच्या एका बिल्ल्याला अकरा लागतात.
मुर्तझाभाईंनी कॅल्क्युलेटर दाबला, पुसला, परत दाबला.
"अधुरंच देऊन राहिली का?"
मी म्हटलं, हो, अधुरंच मागितलंय.
ते बराच वेळ त्या लुनाकडे बघत बसले
आणि मग म्हणाले, हिचं पेट्रोलचं झाकण कुठाय?
झाकण कागदावरही नव्हतं.

गोमाशांनी खोळ आधी उलटी केली,
नकाशा तपासणाऱ्याच्या सवयीनं.
मागची बॉबिनची पांढरी बाजू
नखानं चाचपत चाचपत शेवटापर्यंत गेले.
मग सुलटी केली.
हँडलपासून मागच्या चाकापर्यंत
एक दोरा सुटाच राहिला होता, कापायचा विसरलेला.
मी जीभ चावली, कात्री उचलली.
त्यांनी खोळ आपल्याकडे ओढून घेतली.
"राहू दे, पोरी," म्हणाले.
"ते ब्रेकचं वायर आहे."